अर्ध्या भिंतीचं स्वयंपाकघर

लग्न होऊन मी पौडजवळच्या ह्या गावात आले तेव्हा घर तीन खोल्यांचं होतं. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, सगळं एका रेषेत. उजेड ओसरीतून आत यायचा आणि माजघराच्या उंबऱ्यापाशीच संपायचा. स्वयंपाकघरात भर दुपारी तांदूळ निवडायला बसलं तरी खडा दिसत नसे. मागे परसात उघडणारं दार होतं, पण पावसाचे चार महिने ते बंदच ठेवावं लागे, नाहीतर झड थेट चुलीपर्यंत यायची. ओली लाकडं, बंद दार, आणि धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर. ज्याला जमत नसे तो माझ्या डोळ्यांत.

सासू-सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात आम्ही दोघंच. हे पौडच्या कचेरीत कारकून होते. शांत स्वभावाचे, अक्षर फार सुरेख. गावातली माणसं अर्ज लिहून घ्यायला घरी यायची, माजघरात बसायची, आणि मी आतून चहा द्यायची. एकमेकांशी आम्ही वाईट वागत नव्हतो. फारसं बोलतही नव्हतो. तेव्हा मला वाटे, नवराबायकोचं असंच असतं.

माझं माहेर धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. मूळचं गाव पाण्याखाली गेलं ते माझ्या जन्माआधी. वडिलांनी जुन्या घराची लाकडं उतरवून वर नेली आणि त्यातूनच नवं घर उभं केलं. त्या वेळी आईने एकच हट्ट धरला होता. चुलीशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर खिडकी हवी. बसल्या जागेवरून बाहेर दिसलं पाहिजे. लोक हसले म्हणे, इतक्या खाली खिडकी ठेवली तर कोंबड्या आत येतील. आईने लाकडी गज बसवून घेतले. त्या खिडकीपाशी मी लहानाची मोठी झाले. भाकरी थापता थापता आई सांगायची, कोण चढण चढून येतंय, कुणाच्या डोक्यावर भारा आहे, कुणाची म्हैस सुटली आहे. खालून येणारा वारा धूर वर लोटायचा. आईचे डोळे म्हातारपणापर्यंत स्वच्छ होते.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ह्यांनी घर दुरुस्त करायचं मनावर घेतलं. एका बाजूचे वासे वाळवीने खाल्ले होते, छप्पर उतरवावंच लागणार होतं. मग उतरवतोच आहोत तर आतलंही नीट करून घेऊ, असं ह्यांच्या डोक्यात आलं. ह्यांचा शाळेपासूनचा एक मित्र पुण्यात आर्किटेक्ट होता, मुंबईला शिकून आलेला. त्याला पत्र टाकलं आणि दिवाळीनंतर तो एसटीने आला. काखेत कागदाची गुंडाळी, खिशात टेप, आणि पायात बूट. चिखल वाळला होता म्हणून बरं.

तो तीन दिवस राहिला. पहिल्या दिवशी त्याने भिंती मोजल्या. हे टेपचं एक टोक धरून उभे राहत आणि तो वहीत आकडे लिही. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"वहिनी, तुम्ही दिवसभरात कुठे कुठे बसता?"

मला हसू आलं. "बसते कुठे भावजी? कामच असतं."

"काम करताना कुठे बसता ते सांगा. आणि किती वेळा उठावं लागतं?"

असलं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. सुरुवातीला मी एकेक शब्द तोडून बोलले. मग काय झालं कोण जाणे, बोलतच सुटले. मीठ-मिरची फळीवर असते, त्यासाठी एका स्वयंपाकात दहा वेळा उठावं लागतं. त्याऐवजी बसल्या हाताला कोनाडा असला तर गुडघे वाचतील. मोरीचं पाणी दाराशी साचतं. ते पन्हळीने परसात गेलं तर अळू आणि केळी आपोआप वाढतील. मग मी आईच्या खिडकीबद्दल सांगितलं. रांगोळीचा डबा आणून जमिनीवर खिडकी काढून दाखवली, तिच्याशेजारी चूल, चुलीशेजारी मी. धूर कुठून कुठे जाईल तेही रेघ मारून दाखवलं. तो बूट काढून रांगोळीशेजारी उकिडवा बसला आणि वहीत उतरवून घेऊ लागला.

"अजून काय?" त्याने विचारलं.

मी जरा घुटमळले. मग म्हटलं, "ही मधली भिंत अर्धी करता येईल का?"

"माजघराची?"

"हो. बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकी ठेवा. माणसं येतात, बोलतात, हसतात. मी आतून चहा देते. काय बोलणं झालं ते मला नंतर ह्यांना विचारावं लागतं, आणि हे म्हणतात, काही नाही, असंच."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, आमच्याकडे शिकलेली मुलं वर्ष वर्ष काम करतात, पण घराचा असा विचार एकालाही सुचत नाही."

माझे कान तापले. मी उठून चूल फुंकायला लागले, विझली नव्हती तरी. तिसऱ्या दिवशीही तो वही घेऊन तिथेच बसला आणि मी सांगत राहिले.

महिन्याभराने नकाशा आला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. त्यात सगळं होतं, कोनाडा, पन्हळ, अर्धी भिंत. आणि खालच्या खिडकीपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वहिनींची खिडकी'. ह्यांनी तो ओसरीत पसरून पाहिला, दोन्ही बाजूंनी दगड ठेवून. बराच वेळ पाहिला. "छान आहे," म्हणाले आणि गुंडाळी करून ठेवली. मी मात्र दुपारी ती काढून बघायची. नकाशातल्या त्या घरात मी मनाने राहायलाही लागले होते.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. गवंडी गावातलाच होता, वयस्क, हाताला जड पण कामाला पक्का. मला तेव्हा दिवस गेलेले होते. सातवा लागला तसा भाऊ न्यायला आला. निघताना मी गवंड्याला खिडकीची जागा बोटाने दाखवली, कोळशाने फुली मारली. तो म्हणाला, "वैनी, तुमी बिनघोर जावा. लेकरू घिऊन याल तवा खिडकीत बसून पेज पाजाल त्येला."

मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर, श्रावणात मी परतले. दारातूनच घर ओळखू येईना. ओसरी बंद करून बैठक केली होती. खाली शहाबादी फरशी, समोर दोन उंच खिडक्या, वरच्या तावदानांना हिरवी-लाल काच. एक टेबल, दोन खुर्च्या. माजघरावर नवा माळा घातला होता. मी मुलीला खांद्याशी धरून सरळ आत गेले.

स्वयंपाकघर होतं तसंच होतं. भिंतींना नवा गिलावा केला होता, चुना लावला होता, एवढंच. मधली भिंत पार माळ्यापर्यंत चढवली होती. कोळशाची फुली चुन्याखाली गेली होती. मी हाताने भिंत चाचपून पाहिली, जणू खिडकी असेल आणि मलाच दिसत नसेल.

"खिडकी?" मी विचारलं.

हे मागे उभे होते. "पुण्याहून त्यानंच बदलून पाठवलं सगळं," म्हणाले. "एवढ्या खाली भोक पाडलं तर भिंत कच्ची होते म्हणाला. आणि अर्ध्या भिंतीवर वरचं वजन पेलणार नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून तेव्हा तो काही बोलला नाही. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारणच नव्हतं. मला ह्यांचा राग आला नाही. त्या माणसाचा आला. लहान मूल बडबडतं आणि मोठं माणूस हो हो म्हणतं, तसं त्याने माझं ऐकलं, असं वाटलं. त्याहून जास्त माझीच मला लाज वाटली. परक्या माणसापुढे रांगोळी काढून बसले, काय काय सांगितलं! संक्रांतीला ह्यांनी पुण्याला पाठवायच्या तिळगुळाच्या पुड्या करायला सांगितल्या, तेव्हा त्याच्या नावाची पुडी मी केलीच नाही. हे काही बोलले नाहीत. आता वाटतं, त्यांना ते बरंच वाटलं असणार.

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस त्याचंच पत्र आलं. धरणाच्या पाण्याकाठी त्याने पुण्याच्या एका डॉक्टरांचा बंगला बांधला होता, तिथल्या सत्यनारायणाच्या पूजेला सहकुटुंब यावं म्हणून. ह्यांची जायची इच्छा नव्हती. पण डॉक्टर मोठा माणूस, मामलेदारही येणार होते, म्हणून निघालो. माझ्या मनात एकच होतं. तो समोर आला की तोंड फिरवायचं.

बंगला सुंदर होता, खोटं कशाला सांगू. काळ्या दगडाचा, कौलारू, बैठा. पाहुणे व्हरांड्यात सरबत पीत होते. डॉक्टरीणबाई हौसेने बायकांना घर दाखवत होत्या. दिवाणखाना दाखवला, आणि म्हणाल्या, "आता गंमत बघा." 

दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अर्धी भिंत होती. बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकी.

मला आधी काही कळलंच नाही. ओळखीचं माणूस भलत्या गावात दिसलं की चेहरा आठवतो आणि नाव आठवत नाही, तसं झालं. मग मी आत गेले. हाताशी येणारा कोनाडा. मोरीतून बाहेर गेलेली पन्हळ, तिच्या टोकाला नुकतं लावलेलं अळू. आणि कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गजांची खिडकी. मुलीला तशीच कडेवर घेऊन मी खिडकीशी फतकल मारून बसले. बाहेर थेट पाणी दिसत होतं.

"अहो, जमिनीवर काय बसता!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार नावाजतात हो ही खिडकी. एका मासिकात फोटोसुद्धा आला. पण खरं सांगू, मला तिचा काही उपयोग नाही. आमचा स्वयंपाक ओट्यावर, उभ्याने, स्टोव्हवर. आर्किटेक्ट म्हणाले, राहू द्या, हीच तर कल्पना आहे. आम्ही तिच्यापुढे केरसुणी ठेवतो."

केरसुणी खरंच होती, गजांना टेकवलेली.

मी उठून व्हरांड्यात गेले. तो पाहुण्यांत उभा होता, हे शेजारीच. चारचौघांत मी कधी पुरुषांच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं.

"भावजी, ती खिडकी माझी आहे."

तो दचकला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "ओळखलीत ना! मला वाटलंच होतं तुम्हाला आनंद होईल. तुम्हाला नको झाली, म्हटलं वाया कशाला घालवायची."

"मला नको झाली?"

"म्हणजे काय? तुम्ही बाळंतपणाला गेलात तेव्हा पत्र आलं की. वहिनींचं मन बदललं, त्यांना जुन्याच पद्धतीचं स्वयंपाकघर हवं आहे, आल्यागेल्यासमोर चूल नको वाटते. मला वाईट वाटलं, पण घर तुमचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला सरबताचा पेला भरलेलाच होता.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मला त्याचं नाव सांगितलं, त्याला माझं. आम्ही दोघं एकमेकांना कधी विचारणार नाही, ह्याची ह्यांना खात्री होती. ते सुरेख अक्षर डोळ्यापुढे आलं. त्या अक्षरात माझं मन बदललं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

पण भावजींनाही मी एक विचारलं. "भावजी, तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोललात. मन बदललं का हे एका ओळीने मला विचारायचं होतं. आणि इथे ही माणसं म्हणतात कल्पना तुमची. खरं का?"

तो गोंधळला. "तसं नाही वहिनी... खेड्यातल्या स्त्रियांचं निरीक्षण करून, असं मी सांगतो सगळ्यांना."

"हं," मी म्हटलं. निरीक्षण. शेळ्या-मेंढ्यांचं करतात तसं. पुढे काही बोलले नाही, कारण मुलगी रडायला लागली होती आणि मलाही रडू आवरणं कठीण जात होतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. पौडला उतरून घराकडे चालताना, गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "तू त्याच्याशी दोन दिवस बोललीस. माझ्याशी लग्न झाल्यापासून एवढं बोलली नव्हतीस."

मी चालत राहिले.

"कचेरीतून आलो की आतून तुझं हसणं ऐकू यायचं. नकाशा आला तर त्यावर तुझी खिडकी. मी घर बांधत होतो ना? त्यात माझं काय होतं?"

"मग मला म्हणायचं होतंत, नको."

"तू विचारलं असतंस, का नको. मला सांगता आलं नसतं."

ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. चिडून केलं असतं तर मी चिडून विसरले असते. हे त्यांनी बसून, शाई घेऊन, दोन्हीकडे जुळेल असं लिहिलं होतं. आणि मी दीड वर्ष चुलीपाशी बसून भलत्या माणसाला शिव्या देत होते, तेव्हा हे रोज समोर बसून जेवत होते.

चार दिवसांनी हे कचेरीत गेल्यावर मी गवंड्याला बोलावणं धाडलं. तो आला आणि दारातच उभा राहिला. इतके दिवस तो मला टाळत होता, ते मला आता उमगलं.

"वैनी, म्या तवाच इचारलं व्हतं सायबास्नी. म्हनलं, खिडकी ऱ्हायली. त्ये म्हनलं, घरच्यांनीच नको म्हनलंय. मंग मी काय बोलनार?"

"आता घरचेच म्हणतायत, खिडकी पाडा. पाडता?"

"सायबास्नी इचारलंय का?"

"नाही."

त्याने थोडा वेळ पागोट्याखाली डोकं खाजवलं. मग पहार घेऊन आला. खिडकी झाली. मधल्या भिंतीला मात्र त्याने हात लावला नाही. "तिच्यावर माळ्याचं वझं हाय वैनी. ती आता निघायची न्हाई. घर बसंल खाली." जे ह्यांनी खोटं सांगितलं होतं, ते माळा घालून ह्यांनीच खरं केलं होतं.

खिडकी ओबडधोबड झाली. गज जुन्या वाशांचे. शेजाऱ्याने दरम्यान कुडाचा गोठा घातला होता, त्यामुळे बाहेर पेंढा आणि दोन बैलांचे पाय दिसत. पण उजेड आला, आणि धूर निम्म्याने कमी झाला. संध्याकाळी हे परसातल्या राडारोड्यावरून पाय टाकत आले, हात-पाय धुऊन जेवायला बसले. खिडकीकडे एकदा पाहिलं. "पेंढा आत उडेल," एवढंच म्हणाले. त्या नव्या खिडकीबद्दल त्यांचं ते पहिलं आणि शेवटचं बोलणं.

आम्ही संसार केला. मुलीनंतर मुलगा झाला. ह्यांना बढती मिळाली. बैठकीतल्या खुर्च्यांवर माणसं बसत, बोलत, हसत, आणि मी भिंतीच्या आडून चहा देत राहिले. काय बोलणं झालं, हे विचारायचं मी सोडून दिलं. भावजींचं एक पत्र आलं होतं, माझ्या नावाने. क्षमा मागितली होती, आणि नव्या एका घराच्या स्वयंपाकघराबद्दल दोन प्रश्न विचारले होते. मी उत्तर दिलं नाही.

पुढे गावात वीज आली. वायरमन घरात आला तेव्हा हे त्याला घेऊन स्वयंपाकघरात आले. मी चुलीशी बसले होते. हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दिवा कुठे लावायचा, तू सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा असं विचारलं होतं. आवाजही वेगळा होता, जपून काढलेला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. दिवा चुलीच्या वरच्या वाशावर, जरा पुढे हवा होता. मला नेमकी जागा माहीत होती.

"लावा कुठेही," मी म्हटलं.

वायरमन एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खोलीच्या बरोबर मध्यावर, माझ्या पाठीमागे, दिवा लावला. त्या घरात मी पुढे कित्येक वर्षं स्वयंपाक केला, आणि अंधार पडल्यावर तव्यावर माझीच सावली पडायची. बाजूला सरून भाकरी उलटायची मला सवय झाली.